हेल्मेटचा कायदा कशाच्या जोरावर चालतो

महाराष्ट्रात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे दंड वाढवा, लोक आपोआप सरळ होतील. दुसरे म्हणजे आपल्याकडे शिस्तच नाही, तिकडे परदेशात बघा. या 'तिकडे'मध्ये ब्रिटन बहुतेक वेळा असतेच. तेव्हा ब्रिटनचा कायदा एकदा नीट वाचून पाहावा. तिथल्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम १६ नुसार मोटारसायकल चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. न घातल्यास जास्तीत जास्त ५०० पौंड दंड होऊ शकतो. मात्र या गुन्ह्यासाठी परवान्यावर एकही पेनल्टी पॉइंट चढत नाही. गाडी चालवताना हातात मोबाइल धरला तर २०० पौंडांबरोबर सहा पॉइंट चढतात. विमा नसताना गाडी चालवली तर ३०० पौंड, सहा पॉइंट आणि वर गाडीही जप्त होऊ शकते. म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या लेखी हेल्मेट न घालणे हा तुलनेने सौम्य गुन्हा आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात याच गुन्ह्याला १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित, अशी तरतूद आहे. परवान्याच्या बाबतीत तरी कागदावर आपला कायदा अधिक कडक आहे. तरीही ब्रिटनच्या रस्त्यावर नोंदणी केलेल्या मोटारसायकलवर उघड्या डोक्याचा माणूस क्वचितच दिसतो आणि आपल्याकडे तो प्रत्येक सिग्नलला दिसतो.

याचे कारण ब्रिटिश माणसाच्या स्वभावात शोधणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्याच लंडनमध्ये, त्याच वयाचा तरुण बेकायदा बदल केलेल्या इलेक्ट्रिक सायकलवर बसतो तेव्हा बहुतेकदा त्याच्या डोक्यावर काहीच नसते. ती सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकल असते, वेगही मोपेडइतका असतो आणि हेल्मेटचे बंधनही तेच असते. माणूस तोच, शहर तेच, कायदा तोच. फक्त हेल्मेट नाहीसे होते. स्वभाव हे कारण असते तर वाहन बदलल्याबरोबर तो बदलला नसता. माझे म्हणणे असे की हेल्मेटचा कायदा दंडाच्या आकड्यावर चालत नाही आणि समाजाच्या सद्गुणांवरही चालत नाही. परवाना, प्रशिक्षण, नंबरप्लेट, विमा, न्यायालय आणि रस्त्यावरचा पोलीस यांची जी साखळी त्याच्या मागे असते, तिच्यावर तो चालतो. साखळी जिथे अखंड आहे तिथे दंड लहान असूनही चालतो. ती जिथे तुटते तिथे ब्रिटनसारख्या देशातही कायदा निकामी होतो.

ब्रिटनला ही साखळी बांधायला बराच काळ लागला. १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत हेल्मेट सक्तीचे झाले. ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीवर वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉ. एरिक गार्डनर यांनी डोक्याला मार लागलेले स्वार पाहून कॅनव्हास आणि लाखेचे हेल्मेट बनवून घेतले होते. शर्यतीत जे सिद्ध झाले ते साध्या रस्त्यावर यायला मात्र आणखी सहा दशके जावी लागली. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स डॉर्सेटमध्ये आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून पडले. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना गाडी हातातून गेली. सहा दिवस बेशुद्ध राहून ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. पुढे ऑक्सफर्डमध्ये शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाल्यावर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक रस्त्यावर मरण पावल्याचे त्यांनी दाखवले. ब्लॅकआउटमुळे रस्ते अंधारात होते आणि निरोप पोचवणारे लष्करी स्वार रात्री-अपरात्री धावत होते. हेल्मेट घालून अपघात झालेले अवघे सात रुग्ण त्यांना मिळाले आणि ते सातही जगले होते. सात हा आकडा लहान आहे, त्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, हे केर्न्स यांना माहीत होते. पण लष्कराने वाट पाहिली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात लष्करी स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले आणि १९४६ मध्ये केर्न्स यांनी हेल्मेट घातलेल्या शंभरहून अधिक अपघातग्रस्तांचा अभ्यास मांडला. १९५२ मध्ये ते वारले. सर्वसामान्य नागरिकांसाठीचा नियम लागू झाला तो १ जून १९७३ रोजी, म्हणजे त्यांच्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी.

हेल्मेट नेमके काय करते, हे समजल्याशिवाय त्याच्या सक्तीचा वाद नीट होत नाही. बाहेरचे कवच धार आणि टोक अडवते आणि आघात मोठ्या भागावर पसरवते. खरे काम आतल्या थराचे असते. तो थर बहुधा दाट थर्मोकोलचा असतो आणि तो चेपण्यासाठीच केलेला असतो. उघडे डोके डांबरावर आपटते तेव्हा काही मिलिमीटरच्या आत थांबते आणि कवटीत तरंगणारा मेंदू आतून हाडावर आदळतो. थर्मोकोलचा थर चेपला की तेच डोके काही सेंटिमीटरमध्ये थांबते. थांबण्याचे अंतर वाढले की मेंदूवरचा झटका त्या प्रमाणात कमी होतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते. त्याचा चेपण्याचा साठा संपलेला असतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये अनेक वर्षे चाललेल्या २२.०५ या मानकात हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आपटून पाहतात. हा आकडा वाचून अनेकांना वाटते की मग ऐंशीच्या वेगाला याचा काय उपयोग? पण डोक्याला बसणारा मार बऱ्याचदा गाडीच्या वेगाचा नसतो, डोके किती उंचीवरून खाली आले त्याचा असतो. बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असते आणि तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला ताशी वीसेक किलोमीटर वेगाने भिडते. गाडी जागेवर उभी असताना तोल गेला तरी हा हिशेब बदलत नाही. 'शहरात वेगच नसतो, हेल्मेट फक्त हायवेला हवे' हा पुण्यात वर्षानुवर्षे ऐकू येणारा मुद्दा या एका गणितापुढे टिकत नाही. हेल्मेटची परीक्षा जवळपास शहरी वेगाचीच असते. भिंतीवर किंवा ट्रकवर सरळ धडक बसली तर त्याची मर्यादा ओलांडली जाते, हेही तितकेच खरे आहे. २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात जगभरचे ६१ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. शंभर टक्के कुणीच म्हटलेले नाही.

१९७३ च्या नियमाला ब्रिटनमध्येही विरोध झाला आणि तो वरवरचा नव्हता. खासदार इनॉक पॉवेल यांनी एप्रिल १९७३ मध्ये संसदेत त्याविरुद्ध भाषण केले. हेल्मेटने जीव वाचतात हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचा मुद्दा असा होता की स्वतःपुरत्या मूर्खपणासाठी प्रौढ माणसाला गुन्हेगार ठरवणे हा संसदेच्या अधिकाराचा गैरवापर आहे आणि असा गैरवापर काही जीव जाण्याहून अधिक गंभीर आहे. फ्रेड हिल नावाचे निवृत्त गणितशिक्षक हेल्मेटऐवजी बेरे टोपी घालून गाडी चालवत राहिले, दंड भरायला नकार देत राहिले, वारंवार तुरुंगात गेले आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात वयाच्या ७४ व्या वर्षी वारले. स्वातंत्र्याचा हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. त्याला सहसा दिले जाणारे उत्तर असे असते की जखमी स्वाराच्या उपचाराचा खर्च सरकारी आरोग्यसेवेवर, म्हणजे सगळ्यांवर पडतो. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. त्याच न्यायाने तंबाखू, मिठाई आणि गिर्यारोहण यांवरही बंदी घालता येईल. अधिक भक्कम उत्तर वेगळे आहे. कोणतेही बंधन तोलताना ते माणसाचे काय काढून घेते आणि त्याला काय परत देते, हे पाहावे लागते. हेल्मेट गाडी चालवू देते, हवे तिथे जाऊ देते, हव्या त्या वेळी निघू देते. काढून घेते ते फक्त थोडी हवा आणि थोडी सोय. मेंदूला इजा झालेल्या माणसाकडून मात्र बोलणे, आठवणे, निर्णय घेणे ही क्षमताच जाते, आणि ती गेल्यावर स्वातंत्र्य वापरायला कोण उरते? त्यातही मोटारसायकलवर जखमी होणाऱ्यांमध्ये तरुणांचा भरणा मोठा असतो. अठराव्या वर्षी मित्रांसमोर घेतलेला निर्णय हा पूर्ण विचारांती केलेला स्वातंत्र्याचा वापर असतोच, असे मानणे फार भाबडेपणाचे होईल.

आणि जिथे हे बंधन खरोखर सदसद्विवेकाला भिडले, तिथे ब्रिटिश कायदा मागे सरला. पगडी उतरवून हेल्मेट घालणे अनेक शीख स्वारांना मान्य नव्हते. त्यासाठी काहींनी तुरुंगवासही पत्करला. साउथॉलचे खासदार सिडनी बिडवेल यांनी मांडलेले विधेयक १९७६ मध्ये मंजूर झाले आणि पगडी घातलेल्या शिखांना सूट मिळाली. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही अशीच सूट आहे. सूट दिल्याने नियमाची धार गेली, असे काही जण म्हणतात. तसे झालेले दिसत नाही. सूट नेमकी आहे, कोणाला लागू आहे ते लांबून दिसते आणि बाकीच्यांना ती पळवाट म्हणून वापरता येत नाही. कायदा दुबळा होतो तो लिहिलेल्या सवलतीने नव्हे. चौकाचौकात, माणसागणिक, ओळखीनुसार दिल्या जाणाऱ्या न लिहिलेल्या सवलतींनी तो दुबळा होतो. हा फरक महाराष्ट्रात आपण सगळे रोज अनुभवतो.

आता साखळीकडे येऊ, कारण ब्रिटनकडून शिकण्यासारखे सगळ्यात जास्त तिथे आहे. १९७३ मध्ये कायदा आला तेव्हा बहुसंख्य स्वार आधीच हेल्मेट घालत होते. उरलेल्यांना ओढून घेण्याचे काम कायद्याने केले. न्यायालयाने तर त्याच्याही आधी पाऊल टाकले होते. १९७१ मध्ये अपील न्यायालयासमोर एका मोपेडस्वाराचा दावा आला. अपघातात चूक पूर्णपणे समोरच्या गाडीची होती, पण त्याने हेल्मेट घातले नव्हते. हेल्मेट तेव्हा सक्तीचे नव्हते, सरकारी वाहतूक पुस्तिकेत फक्त सल्ला होता. तरीही न्यायालयाने त्याच्या भरपाईतून १५ टक्के कापले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या एका खटल्यात स्वाराने हेल्मेट घातले होते, पण हनुवटीखालचा पट्टा बांधला नव्हता आणि डोके रस्त्यावर आपटण्याआधीच ते उडून गेले. तिथे १० टक्के कापले गेले. म्हणजे पोलिसाला दिसले नाही तरी विमा कंपनीचा वकील पट्ट्याबद्दल विचारणार, हे ब्रिटनमधल्या स्वाराला ठाऊक असते. आपल्याकडे हँडलला अडकवलेले किंवा पट्टा न बांधता नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पोलिसापुरते चालून जाते. तिथे ते भरपाईच्या हिशेबात पकडले जाते.

त्याआधीची कडी प्रशिक्षणाची. १९९० पासून ब्रिटनमध्ये नवशिक्या स्वाराला सीबीटी नावाचे सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते. ते झाल्याशिवाय शिकाऊ परवान्यावरही रस्त्यावर गाडी आणता येत नाही. त्या आधीच्या दशकात शिकाऊ स्वारांसाठी इंजिनची मर्यादा १२५ सीसीवर आणली गेली होती. या प्रशिक्षणात हेल्मेट कसे निवडायचे, पट्टा कसा बांधायचा, हे पहिल्याच टप्प्यात येते, आणि जो हेल्मेटशिवाय कधी चालवायला शिकलाच नाही त्याला ते नंतर काढावेसे वाटत नाही. मग गाडीची नोंदणी, नंबरप्लेट आणि विमा येतो. २०११ पासून नोंदणी असलेल्या प्रत्येक गाडीचा विमा सतत चालू असला पाहिजे, नाहीतर ती रस्त्यावर नाही असे अधिकृतपणे कळवले पाहिजे, असा नियम आहे. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे त्या नोंदी तपासू शकतात. यामुळे होते काय, तर रस्त्यावरची प्रत्येक गाडी कुणाच्या तरी नावावर असते आणि तो माणूस पत्त्यावर सापडतो. शेवटी हेल्मेटची गुणवत्ता. मानकात न बसणारे हेल्मेट विकणे तिथे गुन्हा आहे. २००७ पासून वाहतूक खाते 'शार्प' या योजनेत हेल्मेटची स्वतः चाचणी घेऊन त्यांना एक ते पाच तारे देते आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवते. महाग हेल्मेट चांगलेच असते असे नाही, हे त्यातून ग्राहकाला कळते. भारतानेही जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या शिक्क्याचेच हेल्मेट विकण्याचे बंधन घातले आहे. तरी रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली कवचे अजून विकली जातात आणि विकत घेणाऱ्याला मान वाचवायची असते ती फक्त पोलिसापासून.

साखळीतली एखादी कडी गळली तर काय होते, हे पश्चिम जर्मनीच्या अनुभवातून फार स्पष्ट दिसते. तिथे १९७६ पासून हेल्मेट सक्तीचे होते, पण न घातल्यास दंड नव्हता. ऑगस्ट १९८० मध्ये जागच्या जागी दंड सुरू झाला. हेल्मेटचा वापर वाढला, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित गोष्ट पुढे आहे. १९८६ पर्यंत मोटारसायकलच्या चोऱ्या सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्या. ब्रिटिश संशोधकांनी याचा अभ्यास करून कारण शोधले. बरेच चोर ठरवून चोरी करत नाहीत. गाडी दिसली, संधी मिळाली की उचलतात. त्यांच्याजवळ हेल्मेट नसते आणि उघड्या डोक्याने निघाले की पहिल्या चौकात पोलिसाच्या नजरेत येतात. या अनुभवातला आपल्यासाठीचा धडा असा की हेल्मेट नसणे हा वाहतुकीतला सर्वांत सहज दिसणारा गुन्हा आहे. दारू प्यायलेला चालक ओळखायला यंत्र लागते, वेग मोजायला उपकरण लागते, विमा तपासायला संगणक लागतो. हेल्मेट पाहायला दोन डोळे पुरतात. त्यामुळे एखाद्या शहरात हेल्मेट नसलेले स्वार हजारोंनी फिरत असतील, तर तिथले प्रशासन 'आम्हाला शक्य नाही' असे प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. तो घेतलेला निर्णय असतो, मग तो कुठे लिहिलेला नसला तरी.

ब्रिटननेही असे निर्णय घेतले आहेत आणि त्याची किंमत मोजली आहे. २०१६-१७ च्या सुमारास लंडनमध्ये मोपेडवरून येऊन फोन आणि पर्स हिसकावण्याचे गुन्हे प्रचंड वाढले. चोरलेल्या मोपेडवरचे हे तरुण पोलिसांची गाडी दिसली की हेल्मेट काढून फेकत. पाठलाग झाला आणि आपण पडून मेलो तर पोलीसच चौकशीत अडकतील, असा त्यांचा हिशेब होता. हेल्मेट नसलेल्याचा पाठलाग करायचा नाही, असा समज सर्वदूर पसरला होता. जो नियम जीव वाचवण्यासाठी होता, त्याचे उल्लंघनच ढाल बनले. २०१८ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांनी प्रशिक्षित चालकांना अशा गाड्यांना आपल्या गाडीने स्पर्श करून थांबवण्याची मुभा असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि तशी चित्रफीतही प्रसिद्ध केली. त्या वर्षीच्या पहिल्या दहा महिन्यांत असे गुन्हे आदल्या वर्षीच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी घटल्याचे पोलिसांनी सांगितले. ही पद्धत जोखमीची आहे, तिच्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी. पण पोलीस येणार नाहीत ही खात्री आणि पोलीस येतील ही शक्यता, यांत वागणुकीचा किती फरक पडतो, ते या प्रसंगाने दाखवले.

दुसरी तूट अजून भरलेली नाही. ब्रिटनमध्ये पेडल मारल्यावर मदत करणारी, २५० वॅटपर्यंतची मोटर असलेली आणि ताशी साडेपंधरा मैलांवर मदत थांबवणारी इलेक्ट्रिक सायकल कायद्याने सायकल मानली जाते. तिला परवाना, विमा, हेल्मेट काहीच लागत नाही. तीच सायकल मोठी मोटर लावून किंवा वेगाची मर्यादा काढून टाकली की मोटारवाहन ठरते. मग नोंदणी, परवाना, विमा आणि मोटारसायकलचे हेल्मेट हे सगळे लागू होते. प्रत्यक्षात अशा सायकलीवर नंबरप्लेट नसते, म्हणून नोंद नसते, म्हणून विमा नसतो, म्हणून कॅमेऱ्याला ती दिसत नाही. जेवण पोचवणारे अनेक स्वार मोठ्या शहरांत याच सायकली वापरतात, कारण त्यांचे उत्पन्न फेऱ्यांच्या संख्येवर ठरते. खासगी ई-स्कूटरचे तर आणखी विचित्र आहे. ती सार्वजनिक रस्त्यावर चालवणे बेकायदा आहे, पण दुकानात ती खुलेआम विकत मिळते. ही परिस्थिती आली तीही रस्त्यावरचे पोलीस कमी झाल्यावर. ब्रिटनच्या पोलीस निरीक्षण संस्थेने जुलै २०२० मधल्या अहवालात सांगितले की २०१२-१३ ते २०१९-२० या काळात इंग्लंड-वेल्समध्ये रस्त्यांवरच्या पोलिसिंगचा वार्षिक खर्च सुमारे ३४ टक्क्यांनी घटला. त्याच दशकात दीर्घकाळ घटत आलेले रस्त्यांवरचे मृत्यू घटायचे थांबले: २०१० मध्ये १,८५० आणि २०१९ मध्ये १,७५२. यामागे केवळ पोलीस कपात आहे असे म्हणता येणार नाही. पण कपातीने मदत झाली नाही, एवढे नक्की.

इथे एक गंभीर आक्षेप आहे. लंडनच्या विद्यापीठात शिकवणारे भूगोलतज्ज्ञ जॉन अ‍ॅडम्स यांनी अनेक वर्षे मांडले की सुरक्षिततेचे साधन मिळाले की माणूस अधिक धोका पत्करतो आणि फायदा खाऊन टाकतो. माणसाच्या वागण्याबद्दल यात काही तथ्य असावे. पण हेल्मेटच्या बाबतीत ही भरपाई पूर्ण होत असती, तर कायदा आल्यावर मृत्यू तेवढेच राहिले असते. तसे झालेले नाही. इटलीत २००० मध्ये सर्व वयाच्या मोपेडस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले आणि रोमान्या भागात मेंदूच्या दुखापतीने रुग्णालयात दाखल होणारे मोपेडस्वार सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाले. व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ ला नियम लागू झाला आणि वापर काही दिवसांत नव्वद टक्क्यांच्या वर गेला. तो देश ब्रिटनइतका श्रीमंत नाही आणि तिथली वाहतूक आपल्याइतकीच दुचाकींनी भरलेली आहे. 'ते युरोपियन लोकांना जमते' हा युक्तिवाद हनोईच्या रस्त्यावर मोडतो. उलट दिशेचा पुरावा अमेरिकेचा आहे: फ्लोरिडाने २००० मध्ये प्रौढांसाठीची सक्ती सैल केली आणि मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढले.

'आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचे बोला' हा दुसरा आक्षेप महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. त्यामागचा संताप मला योग्य वाटतो. खड्ड्यांना जबाबदार असलेल्या कंत्राटदाराला शिक्षा होत नाही आणि स्वाराला होते, हा अन्यायच आहे. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. रस्ता जितका वाईट, पडण्याची शक्यता जितकी जास्त, तितकी हेल्मेटची गरज अधिक. आणि हेल्मेट हेच सर्व काही नाही, हे ब्रिटनचेच आकडे सांगतात. १९६० मध्ये तिथे १,७०० हून अधिक मोटारसायकलस्वार मेले होते. तेव्हा दुचाकीही अधिक होत्या. २०२३ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये ३१५ मेले. घट मोठी आहे. पण एकूण वाहतुकीत एक टक्क्याच्या आसपास वाटा असलेली मोटारसायकल रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी जवळपास पाचवा हिस्सा उचलते, आणि तेही जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असताना. वळणावर आडवी आलेली मोटार आणि ग्रामीण रस्त्यावरचा वेग हे प्रश्न हेल्मेटने सुटत नाहीत. त्यासाठी रस्त्याची रचना, वेगमर्यादा आणि मोटारचालकांचे शिक्षण लागते.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवर होती. हेल्मेट नसलेल्यांची नोंद ५०,०२९ आहे: ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले. कॉक्रेनचा ४२ टक्क्यांचा आकडा ढोबळपणे लावला, तरी वीस हजारांच्या वर माणसे त्या वर्षी वाचू शकली असती. महाराष्ट्रात त्याच वर्षी १५,२२४ माणसे रस्त्यावर गेली. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हा सक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले आणि काही काळाने कारवाईचा जोर ओसरला. मोहीम येते आणि जाते, हे एकदा लोकांना कळले की दंड हजाराचा असो वा दहा हजारांचा, माणूस मोहीम संपण्याची वाट पाहतो. म्हणून दंड आणखी वाढवण्याची मागणी मला पटत नाही. परवाना निलंबित करण्याची तरतूद आधीच आहे; ती क्वचित वापरली जाणारी कडक तरतूद राहण्यापेक्षा लहान दंड रोज, सर्वांना, खासदारापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सारखा लागला तर अधिक काम करील. परवाना देताना हेल्मेटसह खरी चाचणी घ्या, आणि अपघाताच्या भरपाईत पट्ट्याचा प्रश्न विचारा. पोलीस व सरकारी कर्मचारी यांच्यापासून सुरुवात करा. गणवेशातला उघड्या डोक्याचा शिपाई शंभर फलकांचा परिणाम पुसून टाकतो.

शिक्षणासाठी ब्रिटनला गेलेल्या आणि जाणाऱ्या मराठी मुलामुलींनाही एक सांगणे आहे. विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय म्हणून केलेले काम चालत नाही, आणि अ‍ॅपवरून जेवण पोचवण्याचे काम सहसा त्यातच मोडते. कुणी कमी पैशांत बदल केलेली इलेक्ट्रिक सायकल देऊ केली, तर ती घेऊ नका. तिच्यावर विमा नसतो, पोलीस ती जप्त करू शकतात, आणि विम्याविना मोटारवाहन चालवल्याचे सहा पॉइंट पुढे परवान्यावर बसतात. साधी सायकल असो वा कायदेशीर ई-बाइक, हेल्मेट घ्या, जरी कायदा त्याची सक्ती करत नसला तरी; आणि घेतलेच तर हनुवटीखालचा पट्टा बांधा.